कारखान्यातली अडचण, कॉलेजातला प्रोजेक्ट

जुलै-ऑगस्ट उजाडला की इंजिनीयरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांची एकच धावपळ सुरू होते. प्रोजेक्टला विषय हवा असतो. चार-पाच मुलांचा गट, एक मार्गदर्शक प्राध्यापक आणि हातात एक शैक्षणिक वर्ष. मार्च-एप्रिलपर्यंत काहीतरी बनवून, त्याचा अहवाल बांधून परीक्षकांसमोर ठेवायचा असतो. विषय सापडला नाही की काही मुले सोपी वाट धरतात. बाजारात तयार प्रोजेक्ट विकणारी दुकाने आहेत. पैसे मोजा, यंत्र घ्या, अहवालही सोबत घ्या. परीक्षा संपते आणि ते यंत्र कॉलेजच्या अडगळीत किंवा थेट भंगारात जाते.

त्याच वेळी आपल्या मोहल्ल्यांतल्या कारखान्यांत काय चित्र असते? यंत्रमागाचा एक भाग दर महिन्याला तुटतो आणि तो का तुटतो हे कोणी पाहत नाही. पत्रे कापणाऱ्या प्रेसवर कारागिराची बोटे धोक्यात असतात. बेकरीच्या भट्टीत एका बाजूचा पाव करपतो, दुसऱ्या बाजूचा कच्चा राहतो. उस्तादाला हे सगळे माहीत असते, पण बसून मोजमाप करायला त्याला फुरसत नाही आणि बाहेरचा सल्लागार इंजिनीयर त्याच्या खिशाला परवडत नाही.

म्हणजे एकीकडे डोके आणि वेळ आहे, पण खरी अडचण नाही. दुसरीकडे अडचणींचा ढीग आहे, पण वेळ नाही. या दोघांची गाठ घालून देता येईल का, हा आमच्या आजच्या लेखाचा विषय आहे. ही कल्पना नवी नाही. जगात ती अनेक ठिकाणी राबवली गेली आहे आणि तिचे एक उत्तम उदाहरण आपल्याच देशात, जयपूरला घडले आहे.

जयपूरचा गुडघा

जयपूर फूट हे नाव बहुतेक वाचकांनी ऐकले असेल. १९६८ च्या सुमारास तो पाय तयार झाला. त्यामागे दोन माणसे होती. एक अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी आणि दुसरे रामचंद्र शर्मा. रामचंद्र शर्मा हे काही इंजिनीयर नव्हते. ते कारागीर होते आणि लोक त्यांना मास्टरजी म्हणत. परदेशी नमुन्याच्या कृत्रिम पायावर बूट घालावाच लागे. आपल्याकडचा माणूस अनवाणी चालतो, शेतात चिखलात उतरतो, जमिनीवर मांडी घालून जेवतो, उकिडवा बसतो, नमाजाला गुडघे टेकतो. तो पाय त्याच्या उपयोगाचा नव्हता. मास्टरजींनी रबराचे काम जाणून घेऊन, रबर, लाकूड आणि कापड वापरून असा पाय घडवला की जो सगळीकडे वाकतो आणि बुटाशिवाय चालतो. डॉक्टरांनी शरीराचे ज्ञान दिले, कारागिराने हाताचे कसब दिले. १९८१ मध्ये डॉ. सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आमच्या मते त्या पुरस्कारात मास्टरजींच्या हातांचाही वाटा होता.

पुढे १९७५ मध्ये जयपूरला भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन झाली आणि हे पाय गरजूंना मोफत बसवले जाऊ लागले. पण एक अडचण राहिली होती. ज्यांचा पाय गुडघ्याच्या वरून गेला आहे त्यांना नुसते पाऊल पुरत नाही, गुडघाही लागतो. साधा गुडघा म्हणजे दाराच्या बिजागरीसारखा एका खिळ्यावर फिरणारा सांधा. सपाट जमिनीवर तो कसाबसा चालतो. खडबडीत रस्त्यावर तो ऐन वेळी दुमडतो आणि माणूस कोसळतो. परदेशी बनावटीचे चांगले गुडघे टायटॅनियमचे असतात आणि त्यांची किंमत हजारो डॉलरमध्ये जाते.

२००८ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या इंजिनीयरिंगच्या विद्यार्थ्यांच्या एका गटाने ही अडचण अभ्यासक्रमातला प्रोजेक्ट म्हणून घेतली. त्यांचे गिऱ्हाईक होते जयपूरची ही समिती. गिऱ्हाइकाच्या अटी सरळ होत्या. गुडघा स्वस्त हवा, साध्या हत्यारांनी बसवता आला पाहिजे आणि खडबडीत जमिनीवर माणूस पडता कामा नये.

मुलांनी काय केले ते आपल्या लेथवाल्या आणि फिटर बांधवांना लगेच कळेल. एका खिळ्याऐवजी त्यांनी चार सांध्यांची जोडणी घेतली. अशा जोडणीत फिरण्याचा मध्य एका जागी राहत नाही, पाय वाकेल तसा तो सरकतो. त्यामुळे पाय सरळ असताना गुडघा घट्ट उभा राहतो आणि पाऊल पुढे टाकताना सहज वाकतो. ही जोडणी त्यांनी शोधून काढलेली नव्हती. महागड्या गुडघ्यांत ती आधीपासून होती. त्यांचे कसब निराळ्या गोष्टीत होते. टायटॅनियमऐवजी त्यांनी तेल मुरवलेले नायलॉन वापरले. हे प्लास्टिक स्वतःच गुळगुळीत राहते, त्याला वंगण लागत नाही आणि साध्या यंत्रांवर ते कापता-घासता येते. अशा रीतीने हा गुडघा सुमारे वीस डॉलरमध्ये बनू लागला. २००९ मध्ये अमेरिकेच्या टाइम साप्ताहिकाने वर्षातल्या उत्तम शोधांच्या यादीत त्याला जागा दिली.

यातून घ्यायचा धडा असा. मुले हुशार होती हे खरेच. परंतु जयपूरच्या कार्यशाळेत रोज पाय बसवणाऱ्या माणसांनी आपली गरज स्पष्ट सांगितली नसती तर त्या मुलांनी प्रयोगशाळेत आणखी एक महागडा गुडघा बनवला असता. दुसरे म्हणजे, परीक्षा झाली म्हणून काम थांबले नाही. त्यातल्या काहींनी पुढेही काम चालू ठेवले आणि रुग्णांच्या अनुभवावरून गुडघ्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या निघाल्या. एका वर्षाच्या प्रोजेक्टमधून पहिला नमुना निघतो. विकायचा माल तयार व्हायला पुढे बराच काळ लागतो.

मागितली एक गोष्ट, निघाली दुसरी

स्टॅनफर्डमधलेच आणखी एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. २००७ मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांच्या एका गटाला काम मिळाले की, नवजात अर्भकांना ऊब देणारी इस्पितळातली काचेची पेटी स्वस्त करून द्या. ती पेटी सुमारे वीस हजार डॉलरची. गटातला एक जण नेपाळला जाऊन आला. त्याने पाहिले की शहरातल्या इस्पितळात देणगीच्या पेट्या रिकाम्या पडल्या आहेत आणि मुले मरतात ती खेड्यांत, जिथे इस्पितळही नाही आणि विजेचाही भरवसा नाही. तेव्हा स्वस्त पेटी बनवण्याचा बेतच त्यांनी सोडला. त्यांनी बाळाला गुंडाळायची एक पिशवी बनवली. तिच्यात मेणासारख्या पदार्थाची थैली असते. ती एकदा गरम केली की कित्येक तास शरीराच्या उबेइतकी, म्हणजे ३७ अंशांच्या आसपास राहते. मूळ पेटीच्या किमतीच्या शंभराव्या भागात हे काम झाले. पुढे या गटाने बंगळूरला येऊन हे उत्पादन उभे केले.

आपल्या कारखानदारांनी यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मुलांना 'अमुक यंत्र बनवून द्या' असे सांगण्यापेक्षा 'आमची ही अडचण आहे' असे सांगावे. यंत्र आपल्या मनात आधीच ठरलेले असते आणि पुष्कळदा तेच चुकीचे असते.

शिस्त कशी असते

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात हार्वी मड नावाचे एक लहानसे कॉलेज आहे. तिथे १९६३ पासून 'क्लिनिक' या नावाने हीच पद्धत चालू आहे. डॉक्टर जसा रुग्ण तपासूनच शिकतो तसा इंजिनीयरही खरे काम करूनच शिकला पाहिजे, अशी त्यामागची कल्पना. कंपनी आपली अडचण घेऊन येते आणि कॉलेजला ठरावीक शुल्क देते. विद्यार्थ्यांचा एक गट वर्षभर त्या कामावर बसतो. गटावर एक प्राध्यापक असतो आणि कंपनीचा एक माणूस मुलांच्या नियमित संपर्कात राहतो. शेवटी मुले अहवाल देतात आणि कामाचे हक्क कंपनीकडे जातात. हे सगळे सुरुवातीलाच कागदावर ठरलेले असते.

१९९५ मध्ये पर्ड्यू विद्यापीठाने याहून वेगळा मार्ग काढला. तिथले गिऱ्हाईक म्हणजे समाजसेवी संस्था. मोठे काम एका सत्रात संपत नाही हे ओळखून त्यांनी गट सतत चालू ठेवला. जुनी मुले जातात, नवी येतात, पण काम तेच पुढे चालते. आपल्याकडच्या प्रोजेक्टचा मोठा दोष नेमका हाच आहे. मे महिन्यात मुले पांगतात आणि काम अर्धवट राहते. पुढच्या वर्षी कॉलेजने दुसऱ्या गटाला तेच काम पुढे न्यायला सांगितले, तर कारखानदाराचाही वेळ वाया जाणार नाही.

आपल्या दारात काय आहे

हे सगळे अमेरिकेत ठीक, इथे कोण विचारतो, असे काही वाचक म्हणतील. पण नकाशा उघडून पाहावा. मुंबईत भायखळ्याला अंजुमन-ए-इस्लामचे साबू सिद्दीक इंजिनीयरिंग कॉलेज आहे. मदनपुरा आणि नागपाड्याचे कारखाने तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. नवी पनवेलला अंजुमनचेच काळसेकर तंत्रशिक्षण संकुल आहे. मालेगावात यंत्रमागांच्या गावातच मन्सुऱ्याला इंजिनीयरिंग कॉलेज आहे. इचलकरंजीला १९८२ पासून वस्त्रोद्योगाचे शिक्षण देणारी डीकेटीई संस्था आहे. माटुंग्याची व्हीजेटीआय तर १८८७ सालची, आणि पुण्याचे इंजिनीयरिंग कॉलेज त्याहून जुने. अंतर मैलांचे नाही, संकोचाचे आहे. कारखानदाराला वाटते, साहेबलोकांच्या कॉलेजात आपल्याला कोण उभे करील? मुलांना वाटते, या काळवंडलेल्या गाळ्यात शिकण्यासारखे काय असणार? दोघांचीही समजूत चुकीची आहे.

मग कोणती कामे द्यावीत? आमच्या मते पहिल्या वर्षी तीन प्रकारची कामे सोपी आणि फायद्याची ठरतील.

पहिले काम नकाशाचे. आपल्याकडचे बहुतेक भाग, साचे आणि डाय नकाशाशिवाय, उस्तादाच्या नजरेवर आणि जुन्या नमुन्यावर बनतात. उस्ताद गेला की मापही जाते. नमुना झिजला की पुढचा प्रत्येक भाग झिजलेल्या मापाने बनतो. मुलांकडून नेहमी लागणाऱ्या दहा भागांचे अचूक मोजमाप करून संगणकावर नकाशे काढून घ्यावेत. कोणते माप काटेकोर हवे आणि कोणते सैल चालेल हे उस्तादाने शेजारी बसून सांगावे. नकाशा हातात असला की तोच भाग तुम्ही कोणत्याही गावात बनवून घेऊ शकता आणि मोठ्या कंपनीची ऑर्डर मागायला जाताना हात रिकामा राहत नाही.

दुसरे काम बोटे वाचवण्याचे. पॉवर प्रेसवर एका हाताने माल सरकवायचा आणि पायाने पॅडल दाबायचे, ही रीत सर्रास आहे. पाय जरा आधी पडला की बोट गेले. उपाय जुना आणि जगभर माहीत असलेला आहे. दोन्ही हातांनी दोन बटणे एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये आणि डायभोवती जाळी असावी. मात्र प्रत्येक प्रेस निराळा, प्रत्येक डाय निराळी. त्यामुळे ती व्यवस्था त्या यंत्राला बेतून बसवावी लागते. काम मंदावते म्हणून कारागीर स्वतःच जाळी काढून टाकतो, हाही अनुभव आहे. तेव्हा कामाचा वेग राखून हात सुरक्षित राहील अशी रचना करणे हा मुलांसाठी खरा कस लावणारा विषय आहे. ज्या कारागिराची बोटे गेली त्याच्या घराचे काय होते हे आपल्या वाचकांना सांगायला नको. तयार झालेली रचना जाणत्या माणसाकडून तपासून घेतल्याशिवाय मात्र चालू करू नये.

तिसरे काम मोजणीचे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर आणण्यास सांगितले. त्यानंतर बेकरीवाल्यांपुढे मोठा प्रश्न उभा राहिला. जुन्या विटांच्या भट्टीची ऊब निराळी, गॅसची निराळी. भट्टी बदलायची तर आधी हे कळायला हवे की, भट्टीत कोणत्या कोपऱ्यात किती अंश तापमान असते, ते किती वेळ टिकते, किती किलो लाकडात किती पाव निघतात. ही मोजणी मुले आठवड्याभरात करू शकतात. बेकरीवाल्याने लाखाची भट्टी घेण्यापूर्वी हे आकडे हातात ठेवले तर विकणारा त्याला फसवू शकणार नाही. गॅसची जोडणी मात्र परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावी, तिथे विद्यार्थ्यांचे प्रयोग नकोत. यंत्रमागाचेही तसेच. दिवसात माग किती वेळा थांबला आणि कशाने थांबला याची महिनाभर नोंद ठेवली तरी पुष्कळ गोष्टी उघड होतील.

व्यवहार स्वच्छ ठेवा

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. कारण नेकीने सुरू झालेले कामही तोंडी बोलण्यावर ठेवले तर भांडणात संपते.

अडचण एका पानावर लिहून द्या. काय होते, किती वेळा होते, त्यात किती नुकसान होते आणि उपायावर आपण किती खर्च करू शकतो, हे आकड्यांत लिहा. 'मशीन नीट चालत नाही' एवढे म्हणून भागत नाही. पत्र कॉलेजच्या विभागप्रमुखांच्या नावाने, जूनमध्येच द्या. सप्टेंबरात गेलात तर विषय ठरून गेलेले असतात.

मालाचा खर्च तुम्ही करा. लोखंड, बेअरिंग, मोटर यांचे पैसे विद्यार्थ्यांच्या खिशातून काढू नका. विद्यार्थी म्हणजे फुकटचा मजूर नव्हे. त्याला दुकानाची कामे सांगू नका. आठवड्यातला एक ठरावीक तास उस्तादाने त्यांना द्यावा, आणि तो तास पाळावा.

हक्क कोणाचा हे आधी ठरवा. आपल्या पेटंट कायद्यानुसार पेटंटचा अर्ज खरा शोध लावणारा किंवा त्याने लेखी हक्क दिलेला माणूस करू शकतो. म्हणजे यंत्र तुमच्या कारखान्यात, तुमच्या पैशाने बनले तरी शोध मुलांचा असेल तर त्यांच्याकडून लेखी हक्क घ्यावा लागेल. वस्तूच्या रूपाचे, आकाराचे किंवा नक्षीचे संरक्षण २००० सालच्या डिझाइन कायद्याखाली मिळते. त्याची नोंदणी दहा वर्षांसाठी असते आणि पुढे पाच वर्षे वाढवता येते. दोन्हींत एक महत्त्वाची अट आहे. अर्ज करण्यापूर्वी ती गोष्ट लोकांसमोर आली तर हक्क हातचा जाऊ शकतो. कॉलेजचे प्रदर्शन, छापलेला अहवाल, मोबाइलवर टाकलेला व्हिडिओ, या सगळ्यांनी ती लोकांसमोर येते. म्हणून नवीन वस्तू असेल तर प्रदर्शनापूर्वी जाणकार वकिलाला विचारून अर्ज करा. मुलांची नावे मात्र शोधकर्ते म्हणून त्यात असलीच पाहिजेत. दुसऱ्याच्या मेहनतीवर आपले नाव लावणे हा व्यापार नव्हे.

अपेक्षा बेताची ठेवा. काही प्रोजेक्ट फसतील. पण फसलेल्या प्रोजेक्टमधूनही नकाशे आणि आकडे हाती राहतात. ते तुमचे भांडवल आहे.

मुलांना आणि पालकांना

शेवटी दोन शब्द आपल्या घरातल्या मुलांसाठी. वाचकांपैकी कित्येकांची मुले-मुली आज इंजिनीयरिंगला आहेत. फी भरताना बापाने लूम गहाण टाकले असेल किंवा आईने जरीचे काम रात्री जागून केले असेल. त्या मुलाला वाटते की, शिकलो म्हणजे या धंद्यातून सुटलो. नोकरीच्या मुलाखतीत मात्र त्याला विचारतात, तू स्वतः काय केलेस? विकत घेतलेल्या प्रोजेक्टवाल्याची जीभ तिथे अडखळते. ज्याने चाचाच्या प्रेसवर दोन बटणांची व्यवस्था बसवली, ती कुठे अडली आणि कशी सुधारली हे पाहिले, त्याला पाठ करावे लागत नाही. तो घडलेले सांगतो.

येत्या जूनमध्ये प्रत्येक कारखानदाराने एक कागद घ्यावा आणि आपल्या धंद्यातली सर्वांत छळणारी एक अडचण त्यावर लिहावी. एकट्याने जायला संकोच वाटत असेल तर बाजारातल्या पाच-सहा जणांनी किंवा व्यापारी असोसिएशनने मिळून कॉलेजात जावे. पहिल्या भेटीत चहा आणि आश्वासन याखेरीज काही मिळाले नाही तरी निराश होऊ नये. दुसऱ्या भेटीत विभागप्रमुखांना आपल्या गाळ्यावर बोलवावे. यंत्र चालू असताना त्याच्या शेजारी उभे राहिलेल्या माणसाला अडचण समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत.